६३४ ते ६३९

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात दर महिन्याच्या शेवटी एक पान निघतं. नाव भारदस्त, 'कर्मचारी वार्ता'. आत असतं ते एवढंच: कोण रजेवर, कोण प्रशिक्षणाला, कुणाकडे बारसं, कुणाची बदली. खाली पुढच्या महिन्याच्या नियोजनाच्या चार ओळी. ते पान मी काढते, कारण मी सहायक ग्रंथपाल आहे आणि मला मराठी टंकलेखन येतं. दुसरं कारण जास्त खरं. मे २०२५ चं पान मी शनिवारीच तयार करून ठेवलं होतं. 'सेवानिवृत्ती' या मथळ्याखाली दोन माणसं, प्रत्येकी दोन ओळी.

दोघंही ३१ मेला. कारण कागदोपत्री दोघांचाही जन्म १ जूनचा. सरकारी-निमसरकारी कचेरीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको. पोराला शाळेत घालायला नेलं, गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आईने 'लय पाऊस होता तेव्हा' असं काहीसं सांगितलं, गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे दरवर्षी ३१ मेला अख्ख्या महाराष्ट्रात शाल-श्रीफळांचा खप होतो. आमचे आबा, म्हणजे वरिष्ठ परिचर, चतुर्थ श्रेणीतले म्हणून साठाव्या वर्षी निघाले होते. भाऊ, देवघेव विभागाचे लिपिक, अठ्ठावन्नाव्या वर्षी. वयात दोन वर्षांचं अंतर, पण गुरुजींच्या कृपेने जायचा दिवस एकच. आमच्या आकृतिबंधात मंजूर पदं चौदा, भरलेली सात. आता पाच.

सोमवारी, २६ तारखेला, सकाळी साडेदहाला याच पाचाचं नियोजन करायला बैठक होती.

त्याआधी एक घोळ सांगायला हवा. एप्रिलमध्ये साठा पडताळणी झाली. आमच्याकडे कोहा आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेली मोफत प्रणाली. दोन कंत्राटी मुलांनी स्कॅनर घेऊन बावन्न हजार पुस्तकं महिनाभर टिपली आणि शेवटी संगणकाने सांगितलं, १६७ सापडत नाहीत. ग्रंथालयात पुस्तकं हरवतात, हे सरकारलाही मान्य आहे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत लिहिलेलंच आहे की वर्षभरात दिलेल्या किंवा वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गेले तर ते वाजवी समजावं, बेइमानी किंवा निष्काळजी नसेल तर. आमच्याकडे लेखा विभाग हीच फूटपट्टी लावतो. आमची वर्षाची देवघेव अठरा हजारांच्या आसपास, म्हणजे नव्वदपर्यंत चाललं असतं. १६७ चालत नाहीत. लेखा विभागाने विचारलं, जबाबदारी कोणाची? देवघेव कोण बघतं? भाऊ. भाऊंचा ना-देणे दाखला अडला. दाखला नाही तर निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव पुढे सरकत नाही.

भाऊंच्या नावाने 'जबाबदारी निश्चित करण्याबाबत' असा मसुदा तयार झाला होता. तो मीच लिहिला होता. सोमवारी सकाळी तो माझ्या टेबलावर, सहीसाठी पुढे जायच्या फाइलमध्ये होता.

आता पावसाचं. रविवारी २५ मेला, रोहिणी लागायच्या दिवशीच, हवामान खात्याने मॉन्सून देवगडला पोचल्याचं जाहीर केलं. मृगाला अजून दोन आठवडे होते. कोकणात आगोट म्हणून एक काम असतं. पावसाळ्याआधी लाकडं आत घ्यायची, झड्या बांधायच्या, मीठ-मसाला-सुकी मासळी भरून ठेवायची. कचेऱ्यांचीही आगोट असते. पन्हळी साफ करायच्या, गच्चीवर ताडपत्री, पश्चिमेच्या खिडक्यांना प्लास्टिक. बांधकाम विभागाने आम्हाला त्यासाठी २ जूनची तारीख दिली होती. अर्ज मी फेब्रुवारीतच केला होता, हे नोंदवून ठेवते.

बैठक सुरू झाली. ग्रंथपाल सरांनी पहिला विषय घेतला तो नियतकालिकांचा. 'एक राष्ट्र एक सदस्यता' या केंद्राच्या योजनेत तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास ई-नियतकालिकं २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर झालेत. मग छापील कोणती बंद करायची? हा प्रश्न चांगला आहे आणि मी त्यावर दोन पानं लिहून आणली होती. माझं मत होतं, आणि आहे, की मराठी आणि स्थानिक शेती-मत्स्य विषयांतलं एकही छापील नियतकालिक बंद करू नये, कारण ते त्या तेरा हजारांत मिळत नाही. मी पहिलं पान वाचत असताना दाराशी आबा येऊन उभे राहिले.

आबा मूळचे देवगडकडचे. दोन हापूसची कलमं नसतील असा माणूस त्या बाजूला विरळा, त्यामुळे दरवर्षी एप्रिल-मेमध्ये त्यांची अर्जित रजा ठरलेली. त्या सकाळीच ते कामावर हजर झाले होते, शेवटच्या पाच दिवसांसाठी.

"मॅडम, पच्छिमेक गळता हा."

"आबा, ताडपत्री २ तारखेला..."

"पाऊस काय कॅलेंडर बघून येता?"

सगळे उठून धावलो. पश्चिमेच्या भिंतीशी कला, स्थापत्य आणि छायाचित्रणाची कपाटं होती. गच्चीवरची पन्हळ पाल्याने तुंबली होती आणि पाणी भिंतीच्या आतून उतरत होतं, आवाज न करता. वरून थेंब पडला असता तर रविवारी पहारेकऱ्याला तरी दिसला असता. वरच्या दोन फळ्या कोरड्या, खालच्या तीन फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत इतकी घट्ट बसलेली की एक ओढलं की चार येत होती. ८३ पुस्तकं भिजली होती.

भिजलेल्या पुस्तकाशी घाई आणि सबुरी दोन्ही करावी लागतात. आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून घाई. ओलं पान फाटतं, म्हणून सबुरी. साध्या कागदाची पुस्तकं उभी करून, पानं पंख्यासारखी थोडी उघडून, मधे टीपकागद घालून वाऱ्यावर सुकतात. खरं संकट गुळगुळीत चकचकीत कागदाचं, आणि कलेची बरीच पुस्तकं तसलीच. तो कागद ओला असेपर्यंत सुटतो. एकदा का पानं एकमेकांवर वाळली की पुस्तकाची वीट होते, मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. यावर उपाय एकच, वाळायच्या आत गोठवायचं. गोठलं की सगळं जिथल्या तिथे थांबतं, मग सवडीने चार-चार काढून सुकवता येतात. हे मी एका कार्यशाळेत ऐकलं होतं, टिपून घेतलं होतं आणि विसरले होते.

"चकचकीत कागदाची एकतीस पुस्तकं गोठवायला हवीत," मी म्हणाले, आणि म्हणताना मला स्वतःलाच हसू आलं. विद्यापीठाच्या उपाहारगृहातल्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमचे चार डबे जेमतेम मावतात.

भाऊ पुस्तकं उचलत होते. मान वर न करता म्हणाले, "मेव्हण्याचं कोल्ड स्टोरेज आहे की बंदरावर. बोटी वर काढायला लागलेत, १ जूनपासून बंदीच. अर्धं रिकामं असेल." त्यांनी फोन लावला. "अरे, पुस्तकं रे. पुस्तकं. हो, वाचायची."

वीस मिनिटांत टेम्पो आला. प्रत्येक पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळून, कणा खाली ठेवून, मासळीच्याच निळ्या क्रेटमध्ये उभं केलं. क्रेट धुतलेले होते, पण बांगड्याचा वास धुण्याने जात नाही. सरांनी एकदा नाकाला रुमाल लावला, मग रुमाल खिशात ठेवून तेही क्रेट उचलायला लागले. पोचपावती म्हणून टेम्पोवाल्याने त्याच्या नेहमीच्या वहीत लिहिलं: 'बुके, ३१ नग, उणे अठरा'.

राहिली बावन्न. त्यांना टीपकागद हवा होता. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या पानावर उतरते, म्हणून कोरा कागद हवा. मी म्हटलं, बाजारातून मागवू. आबा म्हणाले, कशाला, बायंडिंगच्या खोलीत रिमं पडलीत.

बायंडिंगची खोली माळ्यावर. आमचा बाईंडर कोविडच्या आधीच निवृत्त झाला, पद भरलं गेलं नाही, खोलीला कुलूप. जिन्यात रद्दीचे गठ्ठे रचलेले, त्यामुळे तिथे दार आहे हे नव्या माणसाला कळतही नाही. दोन्ही कंत्राटी मुलांनी ती खोली टिपलेली नव्हती आणि मीही त्यांना सांगितलं नव्हतं. आबांनी गठ्ठे बाजूला केले, कंबरेच्या जुडग्यातून सुंभाचा तुकडा बांधलेली किल्ली काढली. आत काळोख, डांबरगोळ्यांचा आणि जुन्या खळीचा वास. उजवीकडे कोऱ्या कागदाची रिमं. डावीकडे, फळ्यांवर, चादरींनी झाकलेली पुस्तकं.

मी एक चादर उचलली. नारळ लागवड. त्याच्या शेजारी काजू. कण्यावरचे वर्गांक, म्हणजे विषयाचे आकडे, वाचत गेले: ६३४.४४, ६३४.६१, ६३६, ६३८, आणि टोकाला ६३९, कोळंबी संवर्धन.

"आबा, ही इथे कशी?"

"तौक्तेच्या येळची ना ही."

१६ मे २०२१. त्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. कोविडचे निर्बंध, कामावर मोजकी माणसं. पश्चिमेच्या भिंतीला तेव्हा शेती आणि मासेमारीची कपाटं होती. आबा आणि पहारेकरी दोघांनी रात्रीत ती पुस्तकं माळ्यावर वाहिली, पुसली, सुकवली. तेव्हाच्या ग्रंथपालांना सांगितलं. ते म्हणाले, बांधणीला द्यायचीच आहेत, राहू देत वर. ते गेले, नवे आले. रिकाम्या कपाटांत आम्ही कलेची पुस्तकं सरकवली. नोंद कुणीच केली नाही.

"पण मी महिनाभर ही शोधतेय. हरवली म्हणून..."

"हरवली?" आबांना खरंच आश्चर्य वाटलं. "ती पुस्तकां खंय जावक नाय. हयसरच आसत. माका कोणी इचारल्यान नाय."

विचारणार कोण? मी पडताळणी केली तेव्हा ते आंबे उतरवत होते. मोजली तेव्हा ती १२६ भरली. १६७ मधून १२६ गेली, उरली ४१, आणि ४१ म्हणजे नव्वदच्या पुष्कळ आत.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती वेगळ्या कारणाने. हरवलेल्या पुस्तकांची यादी माझ्याकडे तीन आठवडे होती. दाखल क्रमांकानुसार, म्हणजे पुस्तकं आली त्या क्रमाने लावलेली. तीच यादी वर्गांकानुसार लावायला एक क्लिक लागतो. लावली असती तर दिसलं असतं की १६७ पैकी तीनचतुर्थांश पुस्तकं ६३४ ते ६३९ मधली आहेत, आंबा ते मासळी, सलग. चोर वर्गांकाने चोरी करत नाही. विद्यार्थी पुस्तक पळवतो ते परीक्षेचं, एखादं. सलग रांग नाहीशी झाली तर ती कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवलेली असते. हे ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोराला सुचावं. मला सुचलं नाही, कारण माझ्यासमोर लेखा विभागाचं पत्र होतं आणि त्यात प्रश्न 'कुठे' असा नव्हता, 'कोणाची' असा होता.

मसुदा मी संध्याकाळीच फाइलमधून काढला. भाऊंना त्याबद्दल माहीत होतं का? माहीत असावं. कचेरीत असं काही लपत नाही, आणि तो मसुदा ज्या छपाईयंत्रावर निघाला ते त्यांच्याच टेबलाशेजारी आहे. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. मंगळवारी सुधारित पडताळणी अहवाल गेला, गुरुवारी दाखला आला. दाखला देताना मी म्हटलं, "भाऊ, उशीर झाला." ते म्हणाले, "चालायचंच," आणि काउंटरवरच्या पोरीला पुस्तक देऊ लागले.

शुक्रवारी निरोपसमारंभ झाला. भाषणं झाली, सरांचं जरा लांबलं. 'कर्मचारी वार्ता'चं पान मी बदललं होतं. सेवानिवृत्तीच्या ओळी तशाच ठेवल्या, नियोजनाखालच्या चार ओळी काढून तिथे एवढंच लिहिलं: 'बायंडिंग खोली: पडताळणीत समाविष्ट करावी. ३१ पुस्तके कोल्ड स्टोरेजमध्ये, बंदर.' नवीन आलेल्या एका प्राध्यापकांनी ते वाचून मला विचारलं की ही छपाईची चूक आहे का.

समारंभानंतर आबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. कार्यभार हस्तांतराच्या यादीत 'किल्ल्या, १ जुडगा' अशी एकच ओळ होती. मी पान उलटं केलं आणि म्हटलं, आबा, एकेक सांगा. सव्वीस किल्ल्या. सुंभवाली बायंडिंगची. लाल लोकरवाली जुन्या मासिकांच्या कपाटाची, ती उलटी फिरवायची. दात मोडलेली गच्चीची, लावताना दार आत ओढून धरायचं. मी लिहीत गेले. पंचविसाव्या किल्लीपर्यंत अर्धा तास गेला. शेवटची पितळेची, लहान, घासून गुळगुळीत झालेली.

आबांनी ती हातात फिरवली, उजेडाकडे धरली.

"ही माका पण म्हायत नाय," ते म्हणाले. "माझ्या आदीच्यान माका दिल्यान, मी तुमका देतंय."