ऑस्बोर्न हाउस : दगडी दिसणारा विटांचा वाडा

इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट बेटावरचा ऑस्बोर्न हा व्हिक्टोरिया राणीचा वाडा. तिथे निघालेल्यांची पहिली चूक साउथॅम्प्टनच्या धक्क्यावरच होते. मोटारी नेणारी मोठी बोट तासाभरात ईस्ट काउजला लागते आणि वाडा मेडिना नदीच्या त्याच काठावर आहे. फक्त प्रवासी नेणारी जलद बोट 'रेड जेट' अर्ध्या तासात पोचते, पण पलीकडच्या काठावरच्या वेस्ट काउजला. तिथून मेडिना नदी साखळीवर चालणाऱ्या तराफ्याने ओलांडावी लागते आणि तराफा बंद असला तर न्यूपोर्टमार्गे लांबचा वळसा पडतो. सोबत मुलं किंवा सामान असेल तर मोठी बोटच बरी. ईस्ट काउजहून बस मिळते; चालत गेलं तर चढाचा अर्धा तास.

व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी ही इस्टेट १८४५ साली विकत घेतली. जुनं घर अपुरं पडलं म्हणून पाडलं. समोरची सोलंटची सामुद्रधुनी अल्बर्टना नेपल्सच्या उपसागराची आठवण करून द्यायची, त्यावरून इटालियन धाटणी ठरली. काम दिलं ते लंडनचे बांधकाम व्यावसायिक थॉमस क्युबिट यांना. राजघराण्याचा भाग १८४६ मध्ये राहता झाला, बाकीचं १८५१ पर्यंत चाललं.

तिकीट काढून लगेच आत शिरू नका. आधी समुद्राकडच्या गच्चीवरून भिंती पाहा. दगड वाटतो तो विटांवरचा सिमेंटचा गिलावा आहे. त्यावर चिऱ्यांचे सांधे आखून बाथ शहराकडच्या पिवळसर दगडाचा भास केला आहे. कललेल्या उन्हात या रेघा स्पष्ट दिसतात. अशा गिलाव्याला तडा गेला की पाणी मागे मुरतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही, म्हणून समुद्राच्या वाऱ्यात त्याची निगा सतत राखावी लागते. आगीला अटकाव म्हणून क्युबिटनी मजल्यांना बिडाच्या तुळया आणि विटांच्या कमानी घातल्या. आवाज खाली जाऊ नये म्हणून मधल्या पोकळीत शिंपले भरले.

आत बघायचं ते खोल्यांचं एकमेकींशी असलेलं नातं. भोजनगृह, दिवाणखाना आणि बिलियर्डची खोली जिन्याभोवती वळवून एकमेकींत मोकळ्या सोडल्या आहेत, मध्ये फक्त खांब. राणीसमोर बसायची मुभा नव्हती. बिलियर्ड खेळणारे कोपऱ्याआड गेले की रिवाजाने हजरही राहत आणि बसूही शकत. दिवाणखान्याचे खांबही संगमरवराचे नव्हेत, रंग मिसळून घोटलेल्या गिलाव्याचे आहेत.

सर्वांत जास्त वेळ भारतीय धाटणीच्या दरबार हॉलसाठी ठेवा. १८९०-९१ च्या या दालनाचे आराखडे भाई रामसिंग यांचे, लाहोरच्या मेयो कलाशाळेतले. त्यांच्यासोबत होते लॉकवुड किपलिंग. हे आधी दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते; क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पं त्यांचीच. छतावरची नक्षी हस्तिदंती कोरीवकाम वाटते, पण ती साच्यांतून काढलेली आहे. रामसिंगांच्या नमुन्यांवरून प्लास्टर आणि कागदाच्या लगद्याचे तुकडे ओतून बसवले. शेकोटीवरचा मोर जवळून पाहा, मग मागे सरून छत. उलट क्रमाने पाहिलं तर नुसता झगमगाट लक्षात राहतो. लगतच्या मार्गिकेत ऑस्ट्रियन चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडा यांनी रंगवलेली भारतीयांची व्यक्तिचित्रं आहेत, बरीचशी सामान्य कारागिरांची. घाईतले पाहुणे ती ओलांडून जातात, हे फार वाईट.

राणीचं निधन २२ जानेवारी १९०१ रोजी इथेच झालं. पुढच्याच वर्षी तिचा मुलगा, राजा सातवा एडवर्ड याने वाडा राष्ट्राला दिला, पण तिच्या खासगी खोल्या १९५४ पर्यंत बंद होत्या.

मुलांसाठी बांधलेलं स्विस कॉटेज वाड्यापासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. प्रत्येक राजपुत्र-राजकन्येचा वेगळा वाफा आणि आद्याक्षरं घातलेल्या ढकलगाड्या तिथे आहेत. समुद्रस्नानासाठीची राणीची चाकांवरची खोली मात्र खाली किनाऱ्यावर आहे. सगळं मिळून पाच तास लागतात, त्यामुळे परतीची बोट संध्याकाळचीच धरा. हिवाळ्यात वाडा रोज उघडा नसतो; वाडा सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या वेळा पाहूनच बोटीचं तिकीट काढा.