पेस ९० म्हणजे नेमकं काय?

शनिवार, रात्री उशिरा

फिफा २३ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूच्या कार्डावर 'पेस' म्हणजे वेग म्हणून एकच आकडा असतो आणि संघ निवडताना आमची सगळी वादावादी त्याच्यावरूनच होते. आज तो आकडा उसवून बघितला. आत दोन गुण आहेत: ॲक्सिलरेशन (वेग किती चटकन पकडतो) ४५ टक्के, स्प्रिंट स्पीड (पूर्ण धावेतला कमाल वेग) ५५ टक्के. एकाचे ९५ आणि ८६, दुसऱ्याचे ८४ आणि ९५ असले तरी दोघांच्याही कार्डावर ९०च उमटणार. मैदानावर मात्र दोघांची धाव अगदी निराळी.

चाचणी साधी ठेवली. चेंडू नाही, कारण चेंडू पायात आला की धाव मंदावते आणि आपण वेग मोजतोय की ताबा, ते कळेनासं होतं. खेळाडू ताजा, गोलरेषेपासून मध्यरेषेपर्यंत सरळ धाव. वेळ हाताने घेण्यात अर्थ नाही. बटण दाबण्यातला उशीरच दोघांमधल्या फरकाला गिळून टाकतो. म्हणून खेळ रेकॉर्ड करून एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाचा साठावा भागही हाती लागतो.

फ्रान्सचा आघाडीपटू एम्बापे, त्याचे दोन्ही आकडे ९७. नॉर्वेचा आघाडीपटू हालांड, त्याचं ॲक्सिलरेशन ८२, स्प्रिंट स्पीड ९४. पेनल्टी क्षेत्राच्या रेषेपर्यंत, म्हणजे पहिल्या १६.५ मीटरमध्ये, हालांड स्पष्ट मागे पडतो. पुढे मात्र लांब ढांगा टाकत तो एम्बापेला सहज निसटू देत नाही. यामागे 'ॲक्सिलरेट' ही याच आवृत्तीत आलेली पद्धत आहे. तिच्यात धावण्याचे तीन प्रकार: एक्स्प्लोसिव्ह (सुरुवातीलाच झेप), कंट्रोल्ड (दोन्हींच्या मधला), लेंग्दी (सुरुवात मंद, पण लांब धावेत वेगवान). कोण कुठल्या प्रकारात जाणार, हे उंची, ताकद, चपळाई आणि ॲक्सिलरेशनवरून ठरतं. मला यातली सर्वात विलक्षण गोष्ट ही वाटते की ताकद वाढवणारी केमिस्ट्री स्टाइल (खेळाडूचे ठरावीक गुण वाढवणारं जोडकार्ड) लावली, तर वेगाचा एकही गुण न वाढता खेळाडूची धाव बदलू शकते! कार्डावरचा पेस हे सांगतच नाही.

आणि हे वास्तवाला धरूनच आहे. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर धावण्याचा ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा त्याला पहिल्या २० मीटरना २.८८ सेकंद लागले आणि ६० ते ८० मीटरचा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत कापला. जगातल्या सर्वात वेगवान माणसालाही वेग पकडायला वेळ लागतोच. फुटबॉलमध्ये तर बहुतेक धावा वेग पूर्ण पकडण्याआधीच संपतात.

म्हणून विंगरसाठी, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूसाठी, मी यापुढे ॲक्सिलरेशनच आधी बघणार. सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, मात्र लेंग्दी प्रकार हवा. पाठीमागे टाकलेल्या लांब पासवर तोच धावून पोचतो. उद्या हीच धाव ८० व्या मिनिटानंतर, दमलेल्या खेळाडूंवर मोजायची आहे.