काकू, खाजेचं तेल का बंद केलंत?

हा प्रश्न मला जिन्यात विचारलाय, भाजीच्या गाडीवर विचारलाय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत विचारलाय. मी आजवर सांगत आले: गुडघे दुखतात, कढई उचलवत नाही, करंज पूर्वीसारखा मिळत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींचा तेल बंद होण्याशी काही संबंध नाही. परवा तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाच लिहिते.

खाजेचं ते हिरवट तेल मी अकरा वर्षं केलं. कृती सांगत बसत नाही, अर्ध्या कॉलनीने माझ्या ओट्यापाशी उभं राहून ती पाहिलीय. पैसे कधी घेतले नाहीत. रिकामी बाटली परत द्या एवढंच म्हणायचे, तीही कोणी देत नसे.

माझा आयुर्वेदावरचा विश्वास उडाला, असं शेजारच्या काकांनी परस्पर जाहीर करून टाकलंय. वर अमेरिकेने 1997 साली हळदीचं पेटंट रद्द केलं, हा आयुर्वेद खरा असल्याचा दाखला. अहो, ते रद्द झालं कारण जखमेवर हळद लावण्यात नवीन काही नव्हतं. आपल्या आज्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, एवढंच त्यातून ठरलं. किती हळद, कशात कालवून, कोणाच्या कातडीवर, हे पेटंट कचेरीने कुठे तपासलं? आणि विश्वास उडायला मी काही भाबडी नव्हते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलंय मी. बिब्बा अंगावर उततो, बावची लावून उन्हात गेलं की फोड येतात, हे मुलांना फळ्यावर लिहून दिलंय.

म्हणून तर जास्त लागलं.

निफाड तालुक्यात आमच्या मोठ्या जाऊबाई असतात. द्राक्षबाग आहे, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मजूर मिळत नाहीत म्हणून स्वतः उभ्या राहतात. त्या वर्षी दसऱ्यानंतर फोन आला, "हाताला, मानेला आग होतेय गं, डोळे उघडवत नाहीत." मी फोनवरच निदान केलं: छाटणीनंतर कोंब फुटावेत म्हणून काड्यांना औषध फासतात, पेस्टिंग म्हणतात त्याला, त्या हायड्रोजन सायनामाइडने झालं असणार. त्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांकडून एक ट्यूब आणली होती. मी म्हटलं, "स्टेरॉइड दिसतंय, सवय लागते, कातडी पातळ होते, राहू द्या." आणि एसटीने भाच्याच्या हाती तेलाची बाटली पाठवली.

पेस्टिंगचं औषध हाताला लागतं. पापण्या का सुजाव्यात, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आला होता, खरं तर. मी तो बाजूला सारला.

तीन आठवडे त्या मनोभावे तेल लावत राहिल्या. वाढलं की म्हणायच्या, "आतलं बाहेर पडतंय." हे वाक्य त्यांना मीच दिलं होतं. शेवटी दिवाळी उरकताच पुतण्या त्यांना नाशिकला घेऊन आला. मी दार उघडलं आणि ओळखलं नाही. मानेच्या घड्या काळ्या, जाड, चिरलेल्या, कोपरांच्या आतून लस येत होती. मला पाहून म्हणाल्या, "बाटली संपली, म्हणून आले."

त्वचेच्या डॉक्टरीण बाईंनी आधी सूज उतरवली, मी नको म्हटलेल्या जातीच्याच औषधांनी. चार दिवसांत डोळे नीट उघडले. मग काही आठवड्यांनी पाठीवर पट्ट्या लावून चाचणी केली, दोन दिवसांनी काढून पाहिल्या. गाजरगवताचा चौकोन लालभडक उठला होता. बागेच्या बांधावर कमरेइतकं माजलेलं, वाऱ्यावर परागकण आणि सुकलेला चुरा. म्हणून पापण्या, म्हणून मान. 1956 साली पुण्याहून ज्याची नोंद झाली, ते हे गवत मी दरवर्षी वर्गात दाखवायचे.

बाईंनी विचारलं, "तेलात काय काय होतं?" मी म्हणत गेले: करंज, कडुनिंब, ज्येष्ठमध, हळद, ब्राह्मी... आणि झेंडूपाशी थांबले.

परदेशी मलमांत कॅलेंड्युलाचं फूल असतं असं वाचलं होतं. ते मिळेना, म्हणून मी दसऱ्याच्या तोरणाचा उरलेला झेंडू टाकू लागले. दोन्ही झाडं वेगळी, हे मला ठाऊक होतं. पण झेंडू काय, कॅलेंड्युला काय, गाजरगवत काय, सगळं सूर्यफुलाचं कुळ. गाजरगवताने एकदा कातडीशी वैर धरलं की तिला त्याचे भाऊबंदही सोसवत नाहीत, निदान पुष्कळांच्या बाबतीत. हे कुळ मी सव्वीस वर्षं शिकवलंय. बाईंनी तेलाचा थेंबही पाठीवर लावून पाहिला होता. तोही उठला.

"मग झेंडू काढून करा ना." हा तुमचा पुढचा प्रश्न, आणि सर्वांत तर्कशुद्ध. त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. कंपनी अर्क काढते तेव्हा त्यात कुठला घटक किती उतरला, हे दर घाण्याला मोजू शकते. मी काय मोजत होते? फेस आला, पाणी उडालं, रंग जमला. श्रावणातला कडुनिंब आणि चैत्रातला एकच का? ज्येष्ठमधातलं जे औषध म्हणून नावाजलंय, ग्लायसिरायझिन, ते पाण्यात उतरतं. माझ्या कढईतल्या तेलात कितीसं येत असेल? गंमत म्हणजे त्यापासून होणारं आम्ल कातडीत शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड मोडू देत नाही. म्हणजे ज्याला मी शिव्या घालत होते, त्याचीच मी पाठराखण करत होते. उतरत असेल तर.

पण मग अकरा वर्षं ज्यांना बरं वाटलं त्यांचं काय? वाण्याच्या मुलाचे गुडघ्यामागचे चट्टे मी डोळ्यांनी जाताना पाहिलेत. नुसत्या तेलाच्या ओलाव्यानेही गेले असतील. नसतीलही. घरात स्वतःसाठी मी आजही वाटीभर करते, हेही कबूल करते.

जाऊबाईंनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं. परवा फोनवर म्हणाल्या, "टाचा फुटल्यात गं, तुझं ते तेल आहे का थोडं?"

मी म्हटलं, "व्हॅसलीन लावा."

"ते काय, दुकानातही मिळतं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.