जादा मितींवर माझा विश्वास आहे का? तुम्ही विचारलेत म्हणून

व्याख्यान संपले की हा प्रश्न येतोच: "ते सगळे ठीक आहे, पण अवकाशाच्या, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीपलीकडच्या, या जादा मितींवर तुमचा स्वतःचा विश्वास आहे का, की ते नुसते गणित आहे?" विचारणाऱ्याने पाइपवरून चालणाऱ्या मुंगीचा दाखला ऐकलेला असतो (पाइप दुरून रेषेसारखा दिसतो, पण मुंगी त्याला गोल वळसाही घालू शकते; मिटलेली मिती तशीच) आणि चारही मूलभूत बलांची नावे त्याला पाठ असतात (गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, आणि अणुकेंद्राच्या पातळीवरची प्रबळ व क्षीण), म्हणून ते येथे ओझरतेच सांगते. होय म्हटले तर मी श्रद्धाळू ठरते, नाही म्हटले तर "मग इतकी वर्षे यात का घालवलीत?" हा पुढचा प्रश्न तयारच असतो. दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत.

गणितज्ञ थिओडोर कालुझा यांनी १९१९ मध्ये आइनस्टाइन यांना कळवलेली आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेली कल्पना मुळात साधी होती: सापेक्षतेची समीकरणे अवकाशाची एक मिती वाढवून लिहायची आणि त्यातून काय निघते ते पाहायचे. निघते ते आपले ओळखीचे गुरुत्वाकर्षण आणि त्याच्या जोडीला वीज आणि चुंबकत्वाचे नियम सांगणारी मॅक्सवेलची समीकरणे. १९२६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन यांनी ती मिती वर्तुळासारखी मिटलेली आहे असे मानले. पुंजभौतिकीत कण लहरीसारखाही वागतो; अशा वर्तुळावर कणाची लहर पूर्ण संख्येनेच बसू शकते, म्हणून त्या दिशेचा संवेग पायरीपायरीने वाढतो, आणि तो संवेगच आपल्याला विद्युतभार म्हणून जाणवतो. वर्तुळावर एका दिशेने फिरणारा कण धनभारित, तर उलट दिशेने फिरणारा ऋणभारित. विद्युतभार ठरावीक एककाच्या पटीतच का आढळतो, याचे उत्तर तोवर मला कोणीही दिलेले नव्हते. बल म्हणजे अवकाशाचाच आकार असू शकतो, हे ही कल्पना वाचली त्या दिवशी कळले आणि मी हा विषय निवडला.

व्याख्यानात जे सांगत नाही ते आता सांगते. पदव्युत्तर शिक्षण चालू असताना क्लाइन यांच्या वर्तुळाचा परीघ मला स्वतः काढून पाहायचा होता. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा भार, गुरुत्वस्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि प्लांकचा स्थिरांक एवढेच लागते. एका मीटरला १ वर ३२ शून्ये या संख्येने भागावे, साधारण त्या प्रतीचा परीघ आला. क्लाइन यांनाही तेवढाच मिळाला होता. पुढची ओळ कोणी मागितली नव्हती, पण ती आपसूकच येते. लपलेल्या दिशेतला संवेग आपल्याला दिसत नसला, तरी त्याची ऊर्जा कणाच्या वस्तुमानात धरली जाते, म्हणून एक पायरी भार असलेल्या कणाचे वस्तुमानही त्या परिघावरूनच ठरते. मी आकडे घातले. उत्तर इलेक्ट्रॉनच्या खऱ्या वस्तुमानाच्या १ वर २० शून्ये यापेक्षाही अधिक पट आले. एकटा इलेक्ट्रॉन प्रयोगशाळेतल्या संवेदनशील तराजूवर तोलता यावा, एवढे ते वस्तुमान होते. एककांचा घोळ झाला असेल म्हणून सगळे सीजीएस पद्धतीतून एसआय पद्धतीत नेले आणि परत आणले. दोन पायचा (२π) गुणक कुठे सुटला का, तेही पाहिले. पण दोन पायने वीस शून्ये पुसली जात नाहीत. कण हलका हवा असेल तर पायरी शून्य घ्यावी लागते, आणि पायरी शून्य म्हणजे भारही शून्य. चूक सापडावी असे मला मनापासून वाटत होते, आणि हिशेबात चूक नव्हती.

सकाळी वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पान अर्धेच वाचले आणि म्हणाले, "बरोबर आहे. हे सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना माहीत होते, आणि ज्या पानांवर मी त्या वर्तुळाचे कौतुक वाचले होते त्यांत त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. "मग सर, हे शिकवायचे कशासाठी?" असे मी विचारले. "कल्पना चांगली आहे," एवढेच बोलून त्यांनी वही परत केली. पुढे कित्येक महिने मी त्या वहीला हात लावला नाही. आजही कोणी "नुसते गणित" म्हणाले की माझा आवाज चढतो तो त्या सकाळमुळे. विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो.

तरीही ते नुसते गणित नाही, हे मी ठामपणे म्हणेन. नुसत्या गणिताला इलेक्ट्रॉन खोटे पाडू शकत नाही. या कल्पनेने एक आकडा दिला, तो निसर्गाशी जुळला नाही, आणि म्हणूनच पुढच्या लोकांना ती बदलावी लागली. १९८१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटेन यांनी दाखवले की विद्युतचुंबकीय, क्षीण आणि प्रबळ ही तिन्ही बले याच मार्गाने मिळवायची तर किमान सात जादा मिती, म्हणजे काळ धरून एकूण अकरा लागतात. अतिगुरुत्वाच्या (आइनस्टाइन यांच्या गुरुत्वसिद्धांताच्या एका विस्ताराच्या) सिद्धांताला चालणाऱ्या कमाल मितीही अकराच. इतका मेळ बसूनही क्षीण बलाचा डाव्याउजव्यातला भेद (ते डाव्या आणि उजव्या फिरकीच्या कणांना सारखे वागवत नाही) त्या साध्या रचनेतून निघत नव्हता.

मग १९९८ मध्ये अर्कानी-हामेद, दिमोपोलस आणि द्वाली या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रश्नच फिरवला. दोन इलेक्ट्रॉनांमधले गुरुत्वाकर्षण त्यांच्यातल्या विद्युत प्रतिकर्षणापुढे इतके क्षुल्लक का? कदाचित ते मुळात दुबळे नसेल. इतर बले आपल्या तीन मितींत अडकलेली असतील आणि गुरुत्वाकर्षण मात्र जादा मितींतही पसरत असेल. तसे असेल तर पुरेशा कमी अंतरावर व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झाले की गुरुत्वाकर्षण एक चतुर्थांश होते) मोडला पाहिजे: दोन जादा मिती असतील तर बल अंतराच्या वर्गाऐवजी चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलेल, आणि हे एक मिलिमीटरच्या आतच दिसू शकेल. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेच मोजतात. बारीक तारेला टांगलेल्या तबकडीखाली दुसरी तबकडी सावकाश फिरते, विद्युत बलांची लुडबुड नको म्हणून मधे धातूचा पातळ पडदा ताणलेला असतो, आणि तारेला पडणारा पीळ प्रकाशकिरणाने टिपला जातो. २०२० मध्ये त्यांनी ५२ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी अंतरापर्यंत, नियम तपासला. तो मोडला नाही. कणांची टक्कर घडवणाऱ्या जिनिव्हाजवळच्या महाकाय त्वरकातही जादा मितींची खूण अद्याप सापडलेली नाही.

विषय निवडणारी मी आज समोर आली, तर म्हणेल की एवढी देखणी गोष्ट खोटी कशी असेल. तिला मी वही दाखवेन. ती ऐकणार नाही, आणि ती पूर्णपणे चुकीची आहे असेही मला म्हणवत नाही, कारण भार पायऱ्यांनीच का येतो याचे तिच्याजवळ निदान एक उत्तर होते. दुसऱ्या बाजूने, ५२ मायक्रॉनपासून क्लाइन यांच्या परिघापर्यंत मधे सत्तावीस शून्यांचे अंतर पडते. नवी मिती त्यात कुठेही ठेवता येते आणि प्रत्येक नकारानंतर आणखी आत सरकवता येते. हे सरकवणे कुठे थांबवायचे, यावर आम्हा अभ्यासकांचे एकमत नाही. मी स्वतः ती रेघ कधी त्वरकाच्या आवाक्याशी ओढते, कधी त्याच्या पुष्कळ पलीकडे.