खाडीचा गाळ, लेझर आणि खोटा उंचवटा

दाभोळच्या खाडीतल्या काळ्या गाळाचे कण लेझर यंत्राने मोजताना (पाण्यात फिरणाऱ्या कणांवर लेझर टाकून, विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढतात) आलेखात मुख्य शिखर ८-१० मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि १०० च्या पुढे आणखी एक उंचवटा आला, तर त्याला लगेच रेती म्हणू नका. बुडबुडेही तिथेच दिसतात. पंप दोन मिनिटं बंद ठेवून पुन्हा मोजा. मग नमुना न घालता नुसतं पाणी फिरवून बघा, उंचवटा तरीही असेल तर प्रश्नच मिटला, तो गाळाचा नाही.

बुडबुडे बहुतेक वेळा आपणच आणतो. शेणासारखा सेंद्रिय भाग जाळायला ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात (बीकर मोठा घ्या, फेस उतू जातो). फेस थांबल्यावर गरम करून उरलेलं पेरॉक्साइड घालवलं नाही, तर ते सेलमध्ये, म्हणजे लेझर जिथून जातो त्या काचेच्या कप्प्यात, ऑक्सिजन सोडत बसतं. पाणी आदल्या रात्री भरून त्याच खोलीत ठेवावं. थंड पाणी तापताना हवा सोडतं, आणि जुलैतल्या दमट हवेत सेलची काच बाहेरून धुरकटते ती वेगळीच.

खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटतात, म्हणून डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवायचं. नंतर कण सुटे ठेवणाऱ्या सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या, लिटरला ५ ग्रॅम अशा द्रावणात रात्रभर भिजत. पार्श्वभूमीचं (नमुना घालण्याआधीचं) मोजमापही त्याच द्रावणावर घ्या.

नमुना वाळवून चिमटीने उचलू नये. ५०० मायक्रॉनचा एक दाणा म्हणजे १ मायक्रॉनच्या साडेबारा कोटी कणांएवढं आकारमान. तो चिमटीत आला की नाही, यावर निकाल फिरतो. ओला लगदा घोटून मधूनच घ्यावा. प्रकाशरोध (कणांमुळे अडणारा लेझरचा हिस्सा) १० ते १५ टक्के पुरे, चिकणमातीला त्याहूनही कमी. जास्त झाला तर प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर विखुरतो आणि कण आहेत त्याहून बारीक दिसतात.

एवढं झाल्यावरच सॉफ्टवेअरकडे वळा. विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणं हे उलटं गणित आहे: डिटेक्टरवरची किरकोळ थरथर उत्तरात आख्खं शिखर उभं करते. ते दाबायला वक्र गुळगुळीत करण्याची अट घालतात. अट सैल असेल तर खोटी शिखरं येतात, फार कडक असेल तर खरी दोन शिखरं एकात मिसळतात. पाच वेळा मोजून बघा. जागा बदलणारं शिखर गोंगाटाचं, म्हणजे त्या थरथरीचं. जागेवर राहणारं खरंच असेल असं मात्र नाही, कारण सॉफ्टवेअरला दिलेला चुकीचा अपवर्तनांकही (पदार्थात प्रकाश किती वळतो तो आकडा) दर वेळी तेच खोटं शिखर देतो. क्वार्ट्झला १.५४ चालतो, रत्नागिरीच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइट या खनिजाला तो लावाल तर बारीक टोकाचे आकडे बिघडतील.