वाकळांची खोली

माडीवरच्या खोलीत मी गोष्टी वाचून रेकॉर्ड करतो. घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, त्यामुळं प्रत्येक गोष्टीत एक बुलेट असतेच. राजा वनात शिरला रे शिरला, की खालून फटफटत गेली. दिवाळीत तर पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढलेल्या गाडीमागं म्हशी पळवायचा आमचा रिवाज. त्या दिवसांत मी माइक बाहेरच काढत नाही.

शेवटी आवाज अडवायचं मनावर घेतलं आणि काळा, टोकाटोकांचा फोम आणून भिंतीभर चिकटवला. खोली घुमायची थांबली. माझा आवाज कानाशी बोलल्यासारखा आला. आणि बुलेट? तीही आता स्वच्छ ऐकू यायला लागली! फोम आतला घुमारा पितो. बाहेरचं अडवायला वजन लागतं. आजोबांच्या वाड्याची मातीची भिंत हातभर रुंद होती, आमची चार इंची. वजन दुप्पट केलं तरी हिशेबानं सहाएक डेसिबलच कमी होतात, आणि बुलेटच्या खर्जाला त्याचं फारसं काही वाटत नाही.

सुतारमामांना बोलावलं. मी भिंतीचं सांगत होतो, ते वाकून दाराखाली बघत होते. "भावा, भिंत ऱ्हाऊ दे. आवाज म्हंजे उंदीर. बोटभर फट घावली की आत." गणितही मामांच्याच बाजूचं निघालं. शंभरातला एक भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत पन्हाळ्याची असली तरी वीस डेसिबलपलीकडं मजल जात नाही.

दाराला रबरी पट्टी, खिडकीला दुसरी काच बसली. फटींबरोबर वाराही बुजला. पंखा लावावा तर तो माइकात घरघरतो. १९३२ साली प्रभातनं पहिला मराठी बोलपट याच गावात केला. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गायचा ते तिथंच टिपायचं. त्यांच्या काळी पुंगळ्या जागेवर असाव्यात, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

फोम आता काढलाय. त्याजागी आईच्या वाकळा टांगल्यात, जुन्या लुगड्यांच्या, जाड थरांच्या, भिंतीपासून वीतभर सोडून. फोमपेक्षा बऱ्या. फक्त थंडी पडली की आई वर येते आणि काही न बोलता एक ओढून नेते. पाव्हणे आले की दोन. परवा मामाकडचे चौघं मुक्कामाला होते. त्या आठवड्याच्या गोष्टीतला राजा विहिरीत बसून बोलल्यासारखा ऐकू येतो.