त्याच खडकावरचं लाल शेवाळ

समुद्रातल्या शेवाळाचा अर्क मलेरियाच्या परजीवीला मारतो का, ते आम्ही तपासतो. स्लाइड बघायला बसलो की आधी क्लोरोक्विनचे, म्हणजे मलेरियाचं जुनं औषध घातलेले, प्लेटमधले खळगे तपासायचे. परवा तिथले परजीवी सगळे मेलेले होते, म्हणजे प्लेटमध्ये गडबड नाही. मग आमचा अर्क. गिम्सा या रंगात रंगलेल्या लाल पेशींत टपोरे शायझॉन्ट (विभागून वाढणारे परजीवी), मधोमध हिमोझॉइनचा, म्हणजे परजीवीने पचवलेल्या रक्ताच्या उरलेल्या स्फटिकांचा, तपकिरी पुंजका. प्लास्मोडियम फाल्सिपारम, म्हणजे मलेरियाचा परजीवी, अगदी मजेत!

पावसाळा सरल्यावर आणलेल्या याच शेवाळाने त्यांचे आक्रसलेले काळे ठिपके करून ठेवले होते. मालवणचा तोच खडक, तीच जात (नाव सांगत नाही, काम अप्रकाशित आहे), सावलीतच वाळवलेलं, अर्क काढायला मिथेनॉलही तेच. फरक एवढाच की या खेपेला मार्च होता.

लोकांना वाटतं, शेवाळ वाटलं की औषध निघतं. आमचा निम्मा वेळ खोटी आशा मारण्यात जातो. बरेच अर्क परजीवीला हातही लावत नाहीत, लाल पेशीच फोडतात. घर पेटवून ढेकूण मारल्यासारखं. आकडे झकास येतात आणि उत्साही मंडळी लगेच पोस्टर छापतात. म्हणून पहिल्या अर्काने लाल पेशी फुटतात का, ही चाचणी मी स्वतः केली होती. पेशी शाबूत होत्या. मेला होता तो परजीवीच.

सर म्हणाले, “रिपीट होत नाही ना? सोडा. पुढची जात घ्या.” ३१ मार्चच्या अहवालात ‘तपासलेल्या जाती’ असा रकाना असतो, ‘न सुटलेल्या जाती’ असा नसतो.

मला ते पटत नाही. फिजीच्या कॅलोफायकस सेराटस या लाल शेवाळातली ब्रोमोफायकोलाइड नावाची रसायनं परजीवीला मारतात. त्यांतलं एक तर हीमचे (रक्त पचवताना सुटणारं, परजीवीलाच विषारी असं द्रव्य) स्फटिकच होऊ देत नाही, म्हणजे क्लोरोक्विनचाच मार्ग. पण शेवाळ ते मलेरियासाठी थोडंच बनवतं? त्याच्या पृष्ठभागावर ते ठिपक्याठिपक्यांनी सापडलं, बुरशी रोखायला. आमच्या शेवाळालाही पावसानंतर असंच कशाशी तरी झुंजावं लागत असेल आणि मार्चमध्ये नसेल, तर? किंवा ते रसायन शेवाळाचं नसून त्याच्या अंगावरच्या जिवाणूंचं असेल, तर? आम्ही तर गोगलगायी, चिकटलेली दुसरी शेवाळं वेचून त्याला लख्ख धुतो.

पुढच्या उधाणाच्या ओहोटीला निर्जंतुक बोळे नेणार आहे, धुण्याआधी जिवाणू टिपायला. बोळ्यांचं बिल या प्रोजेक्टमध्ये बसणार नाही, असं सरांनी आधीच सांगून ठेवलंय.